सर्व वापरांसाठी परवानगी

काल्याच्या हंडीत अमुक घालू नये, असं आमच्या गावात कधी कोणी सांगितलं नव्हतं. सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन उभं राहिलं की बायामाणसं घरून जे आणतील ते हंडीत पडायचं. लाह्या, पोहे, दही, भिजवलेली डाळ हे तर असायचंच. पण कोणाची पेरूची फोड, कोणाचे तलावातले उकडलेले शिंगाडे, एखाद्या पोराने स्वतः खाता खाता ठेवलेलं अर्धं बिस्कीट, तेही. एका वर्षी कोणाच्या तरी घरून लोणच्याचा खार आला आणि काला लालभडक झाला. तोही लोकांनी डोळ्यांतून पाणी काढत, हसत खाल्ला.

कालवायचे ते श्यामलाल महाराज. कोपरापर्यंत बाह्या वर करून हंडीत हात घालायचे आणि म्हणायचे, "मायबाप हो, हंडी कोणाले नाही म्हणत नाही. आत पडलं का मग तुमचं कुठं राह्यते न् माझं कुठं राह्यते?"

त्यांचं 'मायबाप हो' ऐकायलाच माणसं मोहाडीहून सायकली मारत यायची. महाराज ढिवराच्या घरातले. सकाळी तलावात जाळं, संध्याकाळी गळ्यात वीणा. माळ घातल्यापासून मासळी तोंडात घालत नव्हते, पण धरत होते, कारण घर त्यावर चालायचं. यावरून त्यांचा पखवाजवाला लिलाधर भर मंडपात चिडवायचा, "महाराज गायले लागले का मासेच काठावर येते. जाळ्याचं तं निमित्त हाये!" महाराज सगळ्यांच्या आधी हसायचे. आवाज असा की 'मा' वर किंचित थांबायचा, आणि त्या थांबण्यात ऐकणाऱ्याला वाटायचं, हे आपल्यालाच म्हणून राहिले.

तो आवाज इंटरनेटच्या दुकानात ठेवला त्यांच्या मुलीने, ज्योत्सनाने. ज्योत्सना बी. कॉम. झालेली. लग्नपत्रिका, बारसं, घरभरणी यांची निमंत्रणं कॉम्प्युटरवर बनवायची आणि एका मोठ्या वेबसाइटवर विकायची. गिऱ्हाईक फाइल उतरवून घ्यायचं, आपली नावं टाकायचं आणि फोनवर पाठवायचं. सुरुवातीला तिची एक पत्रिका कोण्या छापखानेवाल्याने एकदाच घेतली आणि स्वतःची म्हणून विकत बसला. तेव्हापासून ती अटींच्या बाबतीत कडक झाली होती. प्रत्येक पत्रिकेखाली लिहायची, एका घरच्या एका कार्यासाठी, पुढे विकता येणार नाही.

महाराजांची सप्ताहातली कीर्तनं तिने नीट ध्वनिमुद्रित केली, एकेक तुकडा साफ केला. दुकानात चढवण्याच्या दिवशी सगळे ओसरीवर होते. महाराज फाटलं जाळं विणत होते, बायाबाई, म्हणजे महाराजांची बायको, शिंगाडे सोलत होती आणि लिलाधर चहाची वाट पाहत बसला होता.

"बाबा, आता अटी निवडाच्या हायेत," ज्योत्सना म्हणाली. "तीन प्रकार असते. पहिला, घेणाऱ्याने फक्त सोत्ता ऐकाचं. दुसरा, देवळात, कार्यक्रमात वाजवलं तं चालते. तिसरा, सर्व वापरांसाठी. त्यात घेणाऱ्याले कापता येते, जोडता येते, त्यातून नवीन काही बनवता येते, दुसऱ्याले विकता येते. अन् एकदा दिलं का वापस घेता येत नाही. मी दुसरा करतो."

"काहून? तिसऱ्याले काय झालं?"

"बाबा, लोक काहीही करतीन त्याचं."

महाराजांनी सुई थांबवली. "देवाच्या नावाचं काहीही म्हंजे काय करन कोणी? एखादा माह्या कीर्तनात आपला ढोल टाकन. टाकू दे. एखादा माह्यं नाव काढून सोत्ताचं लावन. लावू दे. माह्यं काय हाये त्यात? मी गुरूपासून घेतलं, गुरूनं त्याईच्या गुरूपासून. काल्यात आपण कोणाचा वाटा अलग ठेवतो का?"

"हा काला नोहे बाबा, हे दुकान हाये."

"मंग दुकानाले काल्यासारखं कर."

 बायाबाईने शिंगाड्याचं साल परातीत टाकलं आणि मान वर न करता म्हणाली, "साऱ्या ढिवराईनं मिळून तलावाचा ठेका घेतला तवा तुमीच ना भांडले साहेबासंगं? पोटठेका चालनार नाही, बारीक घराचं जाळं चालनार नाही, अंड्यावरची मासळी धराची नाही. सगळं लिहून घेतलं. मासळीले इतकं, अन् गळ्याले काहीच नाही?"

"अवो, मासळी सरते. नाम सरते का?"

"नाम नाही सरत. गळा सरते."

"घ्या महाराज," लिलाधर म्हणाला, "आज वहिनीचं कीर्तन हाये. मी ठेका धरू का?"

सगळे हसले. बायाबाईसुद्धा. महाराजांनी उठून मुलीच्या खांद्यावरून पडद्याकडे पाहिलं आणि तिसऱ्या चौकटीवर बोट ठेवलं. ज्योत्सनाने टिक केली. आपली साधी पत्रिकाही तिने अशी कधी दिली नव्हती. पण बापाच्या तोंडावर असं काही होतं, जसं काल्याच्या दिवशी असायचं, की तिला पुढे बोलवेना.

त्यानंतरच्या वर्षी महाराजांच्या गळ्यात गाठ निघाली. तंबाखू-सुपारीचा खर्रा त्यांनी जन्मात तोंडात घातला नव्हता, कीर्तनातून शेकडो जणांचा सोडवला होता. तरी गाठ त्यांनाच झाली. नागपूरला ऑपरेशन झालं, स्वरयंत्र काढलं. गळ्याला भोक राहिलं, त्यावर बायाबाई पांढऱ्या मलमलचा तुकडा बांधायची. शुद्धीवर आल्यावर महाराजांनी आधी ओठ हलवून देवाचं नाव घेतलं आणि ते कोणाला ऐकू आलं नाही.

मग ती कीर्तनंच आधार झाली. रोज पहाटे काकड्याला देवळाच्या भोंग्यावर ज्योत्सनाने दिलेला पेन ड्राइव्ह लागायचा आणि गावभर 'मायबाप हो' जायचं. महाराज तलावाच्या पाळीवर बसून ऐकायचे. कधी कधी बोटांनी मांडीवर ताल धरायचे, आणि आपण पुढची ओळ कशी घेतली होती ते विसरल्यासारखं करून, आली की मान हलवायचे. बायाबाई ज्योत्सनाला म्हणाली होती, "तुह्यं दुकान होतं म्हणून वाचलं व माय. नाहीतं हे मानूस तवाच मेलं असतं."

जाहिरात पहिल्यांदा लिलाधरने पाहिली. तो मोबाइल घेऊन आला, तेव्हा त्याच्या तोंडावर नेहमीची थट्टा नव्हती.

"महाराज, हे कवा बोलले तुमी?"

पडद्यावर एक वीणा होती, मागे देवळाचं चित्र. आवाज महाराजांचा. 'मा' वर तसंच थांबून तो म्हणत होता, "मायबाप हो, साखरेच्या आजाराची गोळी आयुष्यभर कायले खाता? रोज सकाळी एक चमचा ही भुकटी घ्या. गोळ्या सोडा. मी सोत्ता घेतो." पुढे भुकटीचं नाव, पांढऱ्या झाकणाचा हिरवा डबा आणि फोन नंबर.

महाराजांनी पाटी ओढली. बोलणं गेल्यापासून ती त्यांच्या बाजूलाच असायची. लिहिलं, 'मी नाही.' खडू मोडला. उरलेल्या तुकड्याने परत लिहिलं, 'मी असं म्हटलंच नाही.'

"म्हटलं नाही, हे मले समजते," लिलाधर म्हणाला. "पन आवाज तं तुमचाच हाये ना जी."

ज्योत्सनाने दुकानाचा हिशेब उघडून पाहिला. कुठल्याशा औषधवाल्या कंपनीने साऱ्याच कीर्तनांच्या फाइली रीतसर विकत घेतल्या होत्या. तिसऱ्या प्रकारात. त्या आवाजावर यंत्राला शिकवलं होतं, आणि आता यंत्र महाराजांच्या गळ्याने हवं ते बोलत होतं. तिने वेबसाइटला लिहिलं. उत्तर आलं, गोड भाषेत, की विक्रेत्याने नव्या निर्मितीची आणि फेरबदलाची परवानगी दिलेली दिसते, खरेदीदाराचा वापर त्या अटींच्या बाहेरचा वाटत नाही, आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल खेद आहे. तिने त्याच दिवशी सगळ्या कीर्तनांची अट बदलून पहिली केली. खाली बारीक अक्षरात आलं, हा बदल यापुढच्या खरेदीला लागू राहील.

मोहाडीचे धनंजय वकील भले माणूस. महाराजांचे जुने श्रोते. ज्योत्सना त्यांच्याकडे गेली, त्यांनी वेबसाइटचं उत्तर वाचलं. म्हणाले, "भांडता येते, ज्योत्सना. माणसाच्या आवाजावर माणसाचा हक्क असतेच. औषधाची खोटी जाहिरात केली म्हणूनही तक्रार करू. मी आजच लिहितो. पण वर्षं जातीन. अन् समोरचा पहिल्यांदा ही टिक दाखवते, हे मनात ठेव. तुह्या बापानं आपल्या हातानं दिलेली."

ती घरी आली. बाप पाळीवर बसला होता. तिने काय झालं ते सांगितलं, टिकचं मात्र सांगितलं नाही. महाराजांनी पाटीवर लिहून दाखवलं, 'बोट माझं होतं.'

गावात लिलाधर दारोदार फिरला, ते महाराज नाहीत, भुकटी घेऊ नका म्हणून. देवळाच्या फळ्यावर महाराजांनी मोठ्या अक्षरात स्वतः लिहिलं. ज्यांना वाचता येत होतं त्यांनी वाचलं. बऱ्याच घरांतले डबे उकिरड्यावर गेले.

रुखमिणीबाई तेव्हा गावात नव्हती, लेकीकडे होती.

रुखमिणीबाई म्हणजे पंचवीसेक वर्षं महाराजांच्या कीर्तनात पहिल्या ओळीत, खांबाला टेकून बसणारी म्हातारी. लेक नाकाडोंगरीला दिलेली, मुलगा वारलेला, घरात विधवा सून तृप्ती. वाचता येत नव्हतं. कीर्तन हीच तिची शाळा, असं ती स्वतः म्हणायची. साखरेचा आजार जुना. फोनवर तो आवाज ऐकून तिने गोळ्या बंद करून भुकटी सुरू केली ती कोणाला न सांगता. महाराजांनी सांगितलेलं घ्यायला कोणाला काय विचारायचं? पायाला काटा लागला, जखम काळी पडली. तृप्तीने भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं तोवर पाय वाचण्यासारखा उरला नव्हता.

महाराज, बायाबाई आणि ज्योत्सना भेटायला गेले. रुखमिणीबाई खाटेवर बसली होती. चादर एका बाजूला गुडघ्याच्या खाली एकदम सपाट झाली होती. महाराजांना पाहताच तिने दोन्ही हात जोडले.

"रामकृष्णहरी, महाराज. तुमाले कायले तरास? मी चांगली हावो."

महाराज खाटेच्या कडेला बसले. पाटीवर लिहिलं. ज्योत्सनाने वाचून दाखवलं, "मावशी, बाबा म्हणतेत, ते फोनमधलं मी नाही बोललो. भुकटी घेऊ नका. डॉक्टरची गोळी घ्या."

रुखमिणीबाईने पाटीकडे पाहिलं, मग ज्योत्सनाकडे. लहान पोराची समजूत काढावी तशी हसली. "तू म्हणून राहिली पोरी. महाराज थोडीच म्हणून राहिले."

"मावशी, बाबानंच लिहिलं ना!"

"मले काय समजते लिहिलेलं? मी जनम कानानं काढला." आणि महाराजांकडे वळून, आवाज हळू करून म्हणाली, "महाराज, मले माहीत हाये. देवानं तुमचा गळा नेला, पन आमच्यासाठी आवाज तेवढा ठेवला. नाहीतं गळा गेल्यावर कोणी नवीन बोलते का? आमाले औषध सांगाले ठेवला त्यानं. पाय गेला तो माह्या करमानं गेला. उशीर केला मी भुकटी घ्याले."

महाराजांनी मान हलवली. जोरजोरात हलवली. ओठ हलले, गळ्यावरचं फडकं फुगलं आणि बसलं, आतून नुसता वारा आला. रुखमिणीबाईने घाबरून त्यांचा हात धरला. "राहू द्या, राहू द्या. जीवाले तरास नका देऊ. तृप्ती, महाराजाले पाणी दे वो."

बाहेर आल्यावर तृप्तीने ज्योत्सनाला सांगितलं की दुसऱ्या पायाचीही बोटं थंड पडून राहिली आहेत. गोळ्या नीट घेतल्या नाहीत तर तोही राहणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. "मी डबा फेकला तं फोन करून दुसरा मांगवते ताई. कुठं लपवते समजत नाही. सगळा जनम महाराजाचंच ऐकत आली. आता कोणाचं ऐकन?"

बसमध्ये महाराज खिडकीला डोकं टेकून बसले होते. बायाबाईने एकदाच विचारलं, "शिंगाडे सोलताना मी काय म्हणलो होतो, आठवते का?" आणि विचारून झाल्यावर तीच रडायला लागली. महाराजांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. तो हात घर येईपर्यंत तिथेच होता.

दुसऱ्या दिवशी काकडा लागला नाही. महाराजांनी देवळात जाऊन स्वतः पेन ड्राइव्ह काढून घेतला होता. गाव कुरकुरलं. लिलाधर म्हणाला, "महाराज, खऱ्याले काहून बंद करता? खोट्याचं तं चालूच हाये." महाराजांनी लिहिलं, 'तिला दोन्ही एकच आहेत.' लिलाधरने ते वाचलं आणि पखवाजाची शाई उगाच बोटाने खरवडत बसला.

धान घरात आलं आणि सप्ताह बसला. बाहेरून दुसरे कीर्तनकार आले, बरे होते. काल्याचं कीर्तन मात्र महाराजांनीच उभं करायचं, असं गावाने ठरवलं. महाराज उभे राहिले. गळ्यात वीणा, कपाळाला बुक्का, हातात चिपळ्या. ते ओठांनी म्हणायचे, लिलाधर त्यांच्या तोंडाकडे पाहून पखवाज धरायचा आणि टाळकरी ती ओळ उचलून मोठ्याने गायचे. कुठे कुठे चुकायचे. महाराज थांबून परत ओठ हलवायचे.  बायाबाई पदर तोंडात धरून बसली होती.

रुखमिणीबाई चाकांच्या खुर्चीवर होती, खांबाजवळ, तिच्याच जागी. मधूनच तिने शेजारणीला विचारलं, "आवाज काहून नाही लावला वो? भोंगा बिघडला का?"

मग हंडी आली. महाराजांनी बाह्या वर केल्या. माणसं रांगेने येऊन घालत होती. लाह्या, दही, पेरू, शिंगाडे. तृप्तीने सासूची खुर्ची ढकलत आणली. रुखमिणीबाईने पदराखालून हात काढला. हातात हिरवा डबा होता, पांढऱ्या झाकणाचा.

"सासूबाई!" तृप्ती ओरडली.

"तू चूप राय. महाराजानं सांगतलेलं औषध हाये. मी एकटीनंच कायले खाव? साऱ्या गावाच्या पोटात जाऊ दे. किती जणाले साखर हाये इथं." तिने झाकण काढलं आणि डबा हंडीवर वाकडा धरला.

महाराजांनी हंडीतला हात बाहेर काढला. दह्याने भरलेले दोन्ही तळवे त्यांनी हंडीच्या तोंडावर आडवे पसरले.

थोडी भुकटी त्यांच्या बोटांवर पडली. त्यांनी हात हलवला नाही.

रुखमिणीबाईला आधी समजलं नाही. तिला वाटलं, चुकून झालं. तिने डबा जरा बाजूला नेला. महाराजांचे तळवेही तिकडे सरकले. लिलाधर उठून आला, "मावशी, थे विष हाये, महाराज नाही म्हणून राहिले." कोणी तरी मागून म्हणालं, "काल्यात नाही म्हणते का कोणी?" कोणी म्हणालं, "चूप बस ना बे."

"माह्यंच काहून नाही, महाराज?" रुखमिणीबाईने विचारलं. डबा तिने अजून हंडीवरच धरला होता. "लोनच्याचा खार चालला. पोराचं उष्टं बिस्कीट चाललं. माह्यंच काहून नाही?"

महाराज तिच्याकडे वळले. ओठ हलले. पाटी मंडपाच्या कोपऱ्यात होती, आणि जवळ असती तरी काय उपयोग होता? त्यांनी मान नकारार्थी हलवली, पुन्हा हलवली, डोळ्यांतलं पाणी दाढीत उतरलं, पण तळवे हंडीवरून उचलले नाहीत. उचलले असते तर भुकटी आत गेली असती.

रुखमिणीबाईने सावकाश झाकण लावलं. डबा परत पदराखाली घेतला, लेकरासारखा. तृप्तीने खुर्ची वळवली. रुखमिणीबाईने काल्याचा प्रसादही घेतला नाही. मंडपाच्या दाराशी पोचल्यावर ती सुनेला म्हणाली, आणि टाळ थांबलेले असल्यामुळे ते सगळ्यांना ऐकू आलं,

"आपले महाराज असते ना, तं त्याईनं नाही म्हटलं नसतं."